डोमाजींची वाकडी वाट

आमच्या स्वयंपाकघरात कणिक सांडली आणि तिच्यात कोणाचं पाऊल उमटलं, की आमची ही म्हणते, "बोलवा आता तुमच्या डोमाजींना." डोमाजी असते तर दोन्ही हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून त्यांनी त्या पावलाकडे पाहिलं असतं आणि सांगितलं असतं, की हा धाकटा आहे, घाईत आहे आणि ह्याच्या उजव्या हातात लाडवाचा डबा आहे. डबा कसा कळला असं विचारलं असतं, तर म्हणाले असते, "उजवा पाय खोल नाही गेला का, बाबू? तुमी पाहतच नाही. तुमी निस्ते लिहता."

हा 'बाबू' म्हणजे मी. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मोजणीच्या कचेरीत मी नकाशे गिरवायच्या कामावर होतो. दुसऱ्यानं मोजलेलं, तिसऱ्यानं तपासलेलं मी पातळ कागदावर सुबक अक्षरात उतरवायचो आणि खाली कोपऱ्यात आपली सही ठोकायचो. त्या सहीचा मला इतका अभिमान होता की सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक नकाशा सोबत नेला होता. सासऱ्यांनी तो उलटा धरून पाहिला. पण ती गोष्ट वेगळी.

डोमाजी त्याच कचेरीत जरीबवाले होते. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. तिचं पुढचं टोक धरून चिखलातून, काट्यातून, धानाच्या बांध्यांवरून चालत जाणारा माणूस तो जरीबवाला. नकाशावर साहेबाची सही असते, गिरवणाऱ्याची असते. जो प्रत्यक्ष चालला त्याचं नाव कुठं नसतं. डोमाजींना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना त्याचा तिटकारा होता, आणि तिटकारा ते लपवत नसत. "कागदाले पाय नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साहेबानं नवा नकाशा टेबलावर पसरला की दारातून एक नजर टाकायचे आणि हे वाक्य बोलून बाहेर जायचे.

काळेसावळे, उंच, खाकी कोट, आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलं पांढरं धोतर. मूळचे रामपायलीकडचे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हापासून धोतर कधी मळकं दिसलं नाही, मोजणीला चिखलात गेले तरी. कसं ते मला आजवर कळलेलं नाही. मी कचेरीत बसल्या बसल्या शाईनं मळायचो. खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. सुरुवातीच्या काळात त्यांना कोणी बस म्हटलं नाही, आणि पुढे म्हणू लागले तेव्हा त्यांनी ऐकलं नाही. "बसून सांगतलं का माणूस खोटं बोलते," म्हणायचे.

माणसाची पारख ते तोंडावरून करत नसत. जोडे पाहायचे. टाच झिजलेली असेल तर तो माणूस चालणारा. पंजा झिजला असेल तर तो साहेबापुढे चवड्यावर उभा राहणारा. माझ्या चपला त्यांनी पहिल्याच आठवड्यात हातात घेऊन उलट्या केल्या आणि परत ठेवल्या. "बाबू, तुमाले पेन्शन भेटन तवा ह्याईले बी भेटन. ह्या कोठूनच झिजल्या नाही."

एकदा नवे साहेब आले होते, जीपशिवाय पानाच्या ठेल्यावरही न जाणारे. त्यांनी विचारलं, "लामता कितना दूर है, डोमाजी?"

"तुमाले का मले, साहेब?"

"इसमें फर्क क्या है?"

"तुमाले धूळ उडेपर्यंत. मले ते खाली बसेपर्यंत."

साहेब हसले. त्यांना वाटलं गावंढळ विनोद आहे.

डोमाजींचं घर रेल्वेफाटकापलीकडच्या टोलीत, म्हणजे वस्तीत. मुलगी एकच, शेवंता. मॅट्रिक झाली आणि तिला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. टोलीतली ती पहिली. ट्रेनिंग बाजाराच्या पार पलीकडे, म्हणून डोमाजींनी खाणीतल्या एका मजुराकडून जुनी पुरुषी सायकल आणली, मागच्या टायरला मोठं ठिगळ असलेली. रोज संध्याकाळी फाटकाजवळच्या मोकळ्या मैदानात शेवंता सायकलवर, डोमाजी मागून पळताहेत आणि टोलीतली माणसं बांधावर बसून तमाशा पाहताहेत.

"डोमाजी, पोरगीले कलेक्टर करता का सर्कसवाली?"

"तुमी बसा, बापा," डोमाजी पळता पळता म्हणायचे. "बसणारे बी लागतेत. नाही तर चालणाऱ्याले पाहील कोण?"

तिचं पाहून मलाही हुरूप आला. तीन संध्याकाळी मी पडलो. चौथ्या संध्याकाळी सायकलच पडली आणि मी उभा राहिलो, तेव्हा डोमाजी म्हणाले की आता थांबावं. ज्याच्या हातून पुढे सायकलवाटेचा नकाशा व्हायचा होता त्याला सायकलवर बसता येत नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवतो. नंतर सांगायची लाज वाटेल.

त्या मैदानावरूनच सगळं झालं. एका बाजूला रेल्वेफाटक आणि टोली, दुसऱ्या बाजूला बाजार, शाळा, दवाखाना. मैदानाला वळसा घालून डांबरी सडक, आणि त्या सडकेवरून भरवेलीकडचे मॅंगनीजचे ट्रक. काळी धूळ उडवत, हॉर्नवर हात ठेवून. त्या सडकेनं पायी किंवा सायकलनं जायला शहाणा माणूस धजत नसे. सगळे मैदानातून जायचे: खाणीच्या पाळीला निघालेले सायकलवाले, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, शाळेच्या मुली, आणि शेवंता. मैदानाचा मधला भाग ताटासारखा खोल. पावसाळ्यात तिथं लहान तळ्यासारखं, बोडी भरल्यासारखं पाणी साचायचं. म्हणून पायवाट मोहाच्या झाडाकडून वळून, त्या खोलगटाला टाळून जायची. ती कोणी आखली नव्हती. पायांनी पाडली होती.

शहरात तेव्हा एक सुशोभन मंडळ निघालं. अध्यक्ष एक वकीलसाहेब, सभासद पाचसहा व्यापारी. ह्यांपैकी कोणी पाच वर्षांत घरापासून कोर्टापर्यंत चाललेलं नव्हतं. मंडळानं ठरवलं की त्या मैदानाचा बगीचा करायचा. मधोमध कारंजं, चहूबाजूंनी काटेरी तार, आणि सडकेकडून एकच लोखंडी दार. नकाशासाठी आमच्या कचेरीतून डोमाजी आणि मी, असे दोघं उसने दिले गेलो.

बैठकीत डोमाजी नेहमीप्रमाणे दारात उभे. वकीलसाहेबांचं बोलणं संपल्यावर म्हणाले, "साहेब, रस्त्याचं काय?"

"कौन सा रस्ता?"

"मैदानातून लोक जातेत तो."

"वहाँ कोई नहीं जाता, डोमाजी. गाय-बैल जाते हैं. मी पाहतो ना रोज."

"कोठून पाहता?"

"घरच्या गॅलरीतून."

डोमाजी बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माह्या पोरीचं ट्रेनिंग दोन वर्साचं हाये. तार लागली का तिले ट्रकाच्या सडकेनं जा लागन. मंग मी तिले पाठवणार नाही. पाठवलं नाही का तिचं शिक्षण संपलं. इतलंच हाये हे, बाबू. बाकी कारंजं-बिरंजं उडू दे किती बी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते राइस मिलच्या मागं गेले. तिथं धानाच्या तुसाच्या काळ्या राखेचे ढीग असायचे. दोन टोपल्या राख त्यांनी चाळून घेतली आणि मैदानात आडवे पट्टे टाकले, बायका अंगणात सारवतात तसे एकसारखे. सकाळी राखेत पावलं मोजली, पट्टे पुन्हा सपाट केले. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी मंडळाला बोलावलं. मंडळ आलं, कारण कोणाला तरी वाटलं की भूमिपूजन आहे.

डोमाजी वाकून एकेक पाऊल सांगू लागले. "हे अनवाणी बाई. डोक्यावर मोळी हाये, टाच पाहा कशी दबली. हा खाणीतला माणूस, मोठ्या बुटाचा. हे पोट्टी शाळेले पळून राह्यली, पंजाच दिसते. अन् हे सायकल. दर चार-पाच हातावर ठिगळ छापलं हाये. हे माही शेवंता."

"ठीक है, ठीक है," वकीलसाहेब म्हणाले.

"अन् हा," डोमाजी पुढे सरकले, "नाल मारलेला बूट. बाजूले काठीचं टोक. भल्ल्या पहाटे मोहाच्या झाडाकडं गेला, थोडा वेळ थांबला, अन् वापस आला. तीन दिवस रोज."

सगळ्या मंडळानं एकदम वकीलसाहेबांच्या बुटांकडे पाहिलं आणि तितक्याच एकदम आकाशाकडे. मोहाच्या झाडामागं माणूस भल्या पहाटे कशाला जातो हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. डोमाजींनी मात्र नम्रपणे म्हटलं, "साहेब गॅलरीतून पाहत होते म्हणून त्याईले हे दिसलं नसन."

त्याच दिवशी वाट मंजूर झाली. बगीच्यातून पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी एक पक्की वाट, फाटकापासून बाजारापर्यंत, दोन्ही टोकांना तार मोकळी.

रुंदी किती ठेवायची, मी विचारलं. मी पुस्तकात पाहायला निघालो होतो. डोमाजींनी टोलीतून एका बाईला मोळीसकट बोलावलं आणि शेवंताला सायकलवर. दोघींना समोरासमोरून यायला लावलं. "मोळीचं लाकूड सायकलच्या दांड्याले नाही लागलं पाहिजे. अन् बाईनं थांबलं नाही पाहिजे. डोक्यावर ओझं असलं का थांबणं लय महाग पडते." चार वेळा दोघींना चालवून त्यांनी खुंट्या ठोकल्या. ती रुंदी. मग जरीब घेऊन वळणासकट सगळी वाट मोजली आणि मापं माझ्या हातात दिली. चिखलाचा डागही नव्हता कागदावर.

आता माझा पराक्रम.

कचेरीत बसून मी ती मापं कागदावर मांडली. बगीचा चौकोनी, कारंजं गोल, फुलांचे वाफे सारखे, आणि त्यातून ही वाट, झाडाकडून फेंगडी चालणारी. मला ती बघवेना. एवढ्या देखण्या नकाशात ही वाकडी रेघ म्हणजे नवरीच्या कपाळावर तिरपं कुंकू. मी पट्टी ठेवली आणि रेघ सरळ ओढली. फाटक ते बाजार, बाणासारखी. कोपऱ्यात सही केली. वकीलसाहेब म्हणाले, "वा, क्या सफाई है." मी आठ दिवस त्या 'वा'वर जगलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पण वाट वाकडी होती ना?" मी म्हणालो, "तुला नकाशातलं कळत नाही."

धानाच्या मुलखात जन्मलेलं शेंबडं पोरही सांगेल की खोल जागी पाणी साचतं. मीही त्याच मुलखातला. पण पट्टी हातात आली की माणसाला जमीन सपाट दिसू लागते.

उन्हाळ्यात वाट झाली, तार लागली. वकीलसाहेबांनी फीत कापली आणि वाटेवर बारा पावलं चालून दाखवलं. डोमाजी त्या दिवसांत खैरलांजीकडे मोजणीला होते. परत आले ते पावसाळ्यात. तोवर माझी सरळ रेघ गुडघाभर पाण्यात गेली होती. पूर्वी लोक मोहाकडून वळून जायचे. आता तिकडे वाफे होते, आणि वाफ्यांना तार. सगळी टोली ट्रकाच्या सडकेवर आली. शेवंताही. परीक्षेला थोडे दिवस उरले होते आणि तिनं बापाची वाट पाहिली नाही.

ट्रकचा धक्का तिला लागला नाही, सायकलच्या मागच्या चाकाला लागला. सायकल ट्रकखाली गेली, शेवंता सडकेकडेच्या खंतीत, खड्ड्यात, फेकली गेली. घोटा मोडला. ते वर्ष गेलं.

मंडळाची बैठक भरली. वकीलसाहेबांनी पाणी साचल्याचं दुःख व्यक्त केलं आणि म्हणाले, "नापने वाले ने ही गलत नापा." डोमाजी दारात उभे होते. नकाशा माझ्या हातात होता. मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. मी नकाशाची गुंडाळी करत राहिलो. फार व्यवस्थित केली. डोमाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं.

कचेरीनं त्यांची जरीब काढून घेतली. टपाल वाटायला दारापाशी स्टूल देऊन बसवलं. ते स्टुलाशेजारी उभे राहायचे, दिवसभर. स्टुलावर त्यांनी आपली छत्री बसवली होती.

पाच दिवस मी दुसऱ्या दारानं कचेरीत शिरलो. सहाव्या दिवशी टोलीत गेलो. शेवंता बाजेवर होती, पाय प्लास्टरमध्ये. मला पाहून म्हणाली, "या बाबूजी. तुमची रेघ भल्ली सरळ होती. मले तर वाटलं शाळेच्या फळ्यावर काढली."

"डोमाजी, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"कायनं आले?" त्यांनी विचारलं.

"रिक्षानं."

"हौ, तेच म्हणतो." ते पुढे झाले. "काढा चपला. चाला."

त्यांनी मला मैदानात नेलं आणि माझ्या त्या देखण्या वाटेवर उतरवलं. दहा पावलांत गुडघे बुडाले, पंधराव्या पावलाला मी बसलो. स्वेच्छेनं नव्हे. डोमाजी काठावर हात मागे बांधून उभे होते, धोतर पांढरंस्वच्छ.

"आता ओढा रेघ," ते म्हणाले. "पट्टी आणून देऊ का?"

मी चिखलात हात टेकून उठू लागलो.

"मापं तर तुमाले बरोबर देल्ली होती. काहून सरळ केली?"

"चांगली दिसत होती म्हणून."

 मला वाटलं आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं. "मले वाटलं पैसे खाल्ले असन कोणी," ते म्हणाले. "ते तरी समजलं असतं."

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो.  सांगितलं की माप बरोबर होतं, रेघ मी बदलली, दोष माझा, जरीबवाल्याचा नाही. वाट मोहाकडून वळवून घ्यावी. रात्रभर पाठ केलं होतं. माझं बोलणं संपलं तेव्हा मंडळात कारंज्याला हिरवा दिवा लावायचा की लाल, ह्यावर वाद चालला होता. माझा कबुलीजबाब कोणीही ऐकला नाही. वकीलसाहेबांनी मान वर न करता, "हाँ, मंजूर, दोनों मंजूर," म्हटलं, आणि वळणाची वाट त्या दिव्यांच्या जोडीनं पास झाली. दारातल्या माणसानं तेवढं ऐकलं आणि छत्री उचलून तो निघून गेला.

वाट दिवाळीनंतर नव्यानं झाली, मोहाच्या झाडाकडून, जशी पायांनी पाडली होती तशी. तिला वकीलसाहेबांच्या वडिलांचं नाव दिलं. त्यांचे वडील रायपूरला राहायचे आणि पालखीशिवाय हलत नसत, असं ऐकलं. कारंजं एक उन्हाळा उडालं. डोमाजींना जरीब परत मिळाली नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवंता एक वर्ष उशिरा पास झाली आणि बाजारापलीकडच्या शाळेत लागली. चालताना किंचित लंगडायची. सायकलवर लंगडेपण दिसत नसे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका हिवाळ्यातल्या सकाळी. मी त्या वाटेनं कचेरीत जात होतो, पायी. हो, पायी, चपलांची टाच थोडी झिजली होती आणि ती त्यांना दिसावी असा माझा क्षुद्र हेतूही होता. डोमाजी मोहाखाली हात मागे बांधून उभे होते. फाटकाकडून शेवंता सायकलवर आली, पदर खोचलेला, हँडलला वह्यांची पिशवी. समोरून एक बाई मोळी घेऊन आली. बाई थांबली नाही. शेवंतानं घंटी वाजवली नाही. वळणावर दोघी एकमेकींजवळून गेल्या. पण त्या क्षणी शेवंतानं कोपर जरासं आत घेतलं. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही. डोमाजींना दिसलं.

ते वाटेवर उतरले, काठाच्या विटेपाशी उकिडवे बसले. मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. टायरची रेघ पाहिली, विटेपासून तिथवर हात ठेवला.

"विटा कोठून धरल्या, बाबू? रेघेच्या आतून का बाहेरून?"

मी आठवू लागलो. नव्या नकाशात रुंदीच्या दोन रेघा बरोबर होत्या, पण विटा मी आतल्या बाजूनं दाखवल्या होत्या, म्हणजे त्यांची जाडी वाटेतूनच गेली होती.

"आतून," मी म्हणालो.

"चार बोटं कमी पडले," ते म्हणाले. उठले, माझ्या चपलांकडे न बघता फाटकाच्या दिशेनं चालू लागले, वळण घेऊन, वाटेच्या अगदी डाव्या कडेनं, सायकलला जागा ठेवून.

ते दिसेनासे झाल्यावर मी खाली वाकलो आणि विटेच्या जाडीवर बोटं ठेवून पाहिली. चारच होती.